‘उद्या येतील’ म्हणायचं नाही

या वर्षी थंडी जरा लवकरच आली. कालपासून गल्लीत पिंजारी फिरू लागले आहेत. खांद्यावरची लांब धनुकली, तिच्या तातीवर मारलेला एक टणत्कार, आणि मागून ‘रजाई भरवा लो’ ही हाक. ग्वाल्हेरची थंडी अंगाला लागायच्या आधी अशी कानाला लागते. मग ट्रंकेतल्या रजया गच्चीवर उन्हात पडतात, ठेल्यांवर तिळाची गजक दिसू लागते, आणि संध्याकाळी सहा वाजले नाहीत तोच चुलींच्या धुरात किल्ल्याची भिंत दिसेनाशी होते.

लोक या दिवसांत सुखावतात. माझ्या अंगात मात्र हट्ट संचारतो. कुणी काही विचारलेलं नसतं, तरी मी मनातल्या मनात उत्तर देऊ लागते. हो, मीच सांगितलं तिला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन.

संस्थान विलीन झालं आणि मध्य भारत नावाचं राज्य झालं, तेव्हा त्याला दोन राजधान्या मिळाल्या. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. सगळी दफ्तरं पेट्यांत भरून सहा महिन्यांनी इकडून तिकडे जायची, आणि त्यांच्याबरोबर माझा मोठा भाऊ, दादा. तो सचिवालयात कारकून होता. त्यामुळे आमच्या घरात थंडी म्हणजे दादा परत येण्याचा मोसम. स्टेशनवरून टांगा गल्लीत शिरला की आमची कुमी वरच्या मजल्यावरून ‘बाबा आ गए’ म्हणून ओरडायची आणि मग जिन्यात येऊन मराठीत रुसायची. कुमी म्हणजे दादाची मुलगी. मी सांगते आहे त्या वर्षी ती साडेचार वर्षांची होती. शेजारपाजारच्या मुलांत वाढल्यामुळे तिची अर्धी भाषा हिंदी होती, आणि कोणती अर्धी ते तिचं तिलाही माहीत नसायचं.

छप्पन साली मध्य भारतच राहिला नाही. मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ ठरली, आणि थंडीत इकडे येणारी दफ्तरं थंडीतच कायमची तिकडे निघाली. आमच्या नई सडकेमागच्या गल्लीत आठवड्याआड एकेका दारात सामानाचा ट्रक उभा राहायचा. शेजारचं कुटुंब गेलं, समोरचं गेलं. तीन पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून दरबारच्या कामाला आलेली माणसं एका सरकारी हुकमानं पुन्हा ट्रंका बांधायला लागली. कोपऱ्यावरचा किराणावाला मला म्हणायचा, “बाईजी, आप लोग भी जा रहे हैं क्या?” मी म्हणायची, “मी नाही जात.” माझं इंटरचं वर्ष होतं, वय एकोणीस, आणि कुठेही न जाण्याचा विचार मी तेव्हाच पक्का केलेला होता.

भाऊबीज झाली आणि आठवड्याभरात दादाला हुकूम आला. भोपाळला घर मिळेना. एका बराकीतली खोली मिळत होती, तीही दुसऱ्या कुटुंबाबरोबर, मधे पडदा लावून. दादा नुकताच विषमज्वरातून उठला होता, बाहेरचं जेवण त्याला चालणार नव्हतं. म्हणून वहिनीनं बरोबर जायचं ठरलं. पण त्या गारठ्यात, परक्या माणसांच्या गर्दीत मुलीला न्यायचं नाही, असं अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे माझे वडील, दरबारातून निवृत्त झालेले. त्यांनी एकदा म्हटलं की घरात त्यावर चर्चा होत नसे. कुमी आमच्याकडे राहील. दिवसा काकू बघतील आणि रात्री मालू झोपवील. मालू म्हणजे मी.

मुलीला सांगायचं कसं, हा प्रश्न काकूंनी सोडवला. काकू म्हणजे अण्णांच्या दिवंगत भावाची बायको. माझी आई गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं. त्या म्हणाल्या, “सांगायचं कशाला? मालू तिला फूलबागेत घेऊन जाईल. तोवर ही दोघं निघतील.”

आणि मी घेऊन गेले. हे लपवण्यात अर्थ नाही. दुपारी चार वाजता मी तिला नवा स्वेटर घालून टांग्यात बसवलं आणि फूलबागेतला वाघ दाखवायला नेलं. वहिनी दारात उभी होती. ती हसली आणि लगेच आत वळली. वाघ झोपला होता. कुमी बराच वेळ गजांपाशी उभी राहिली, मग म्हणाली, “आत्तू, हा उठेल तोपर्यंत आपण थांबू या.” मी हो म्हटलं. मला वेळच काढायचा होता. स्टेशनाकडून गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा मी तिला चणे सोलून देत होते. माझा हात थांबला. तिनं वर पाहिलं आणि विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही.” त्या दोन शब्दांची लाज मला अजून वाटते.

घरी आल्यावर ती सरळ आतल्या खोलीत गेली. खुंटीवर वहिनीची शाल नव्हती. पलंगाखालची ट्रंक नव्हती. तिनं पलंगाखाली वाकून पाहिलं, मग गच्चीवर जाऊन पाहिलं, मग स्वयंपाकघरात. काकू म्हणाल्या, “उद्या येतील हं, राणी.” तिनं मान डोलावली. आपल्याला उद्या ठाऊक आहे, तो फार लांब नसतो, असं तिला वाटलं असणार.

आठ वाजता मी तिला घेऊन आडवी व्हायची. तिच्या झोपेचे नियम होते. भिंतीकडची बाजू तिची. पाणी दोनदा मागायचं, दुसऱ्यांदा प्यायचं नाही. आपले गार पाय दुसऱ्याच्या पोटऱ्यांमध्ये खुपसायचे. आणि कानाची पाळी दोन बोटांत धरायची. वहिनीच्या कानात कुड्या असायच्या. माझा कान मोकळा होता. पहिल्या दिवशी तिची बोटं माझ्या पाळीवर काहीतरी शोधत राहिली आणि मग सुटली.

“आई उद्या सकाळी येणार की शाम को?”

काकू दारातून म्हणाल्या, “संध्याकाळी.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही बसली. चौथ्या दिवशी तिनं जेवायला नकार दिला, कारण आई आल्यावर तिच्या ताटात जेवायचं होतं. काकू तिला कडेवर घेऊन येरझारा घालत होत्या आणि तेच तेच सांगत होत्या. त्यांचा आवाज मऊ होता. माया होती त्यात, मला ती लहानपणापासून ठाऊक होती. आणि म्हणूनच मला ते ऐकवेना. हाच आवाज, हेच शब्द, याच खोलीत मी ऐकलेले होते.

मी सहा वर्षांची असताना माझी आई क्षयानं आजारी पडली. तिला सॅनेटोरियममध्ये नेलं तेव्हा मी झोपेत होते. मला सांगितलं, आई आजोळी गेली, उद्या येईल. आठ महिने मला उद्या मिळत राहिला. मग एके दिवशी शेजारची एक मुलगी खेळताखेळता म्हणाली, “तुझी आई तर मेली ना.” ती माझ्यापेक्षा वर्षभरानं लहान होती आणि तिला माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. मला आईच्या मरणाचं दुःख पुढे कधीतरी झालं. त्या दिवशी फक्त अपमान वाटला.

त्या चौथ्या रात्री मी कुमीला काकूंच्या कडेवरून घेतलं, गादीवर समोर बसवलं आणि म्हटलं, “कुमी, आई उद्या येणार नाही.”

ती माझ्याकडे पाहत राहिली.

“आई आणि बाबा भोपाळला गेले. बाबांचं दफ्तर तिकडे गेलं. तिथे राहायला नीट घर नाही, म्हणून तुला नेलं नाही. घर मिळालं की नेतील. कधी मिळेल ते मला माहीत नाही. आणि तुला वाघ दाखवायला नेलं तेव्हाच ते गेले. मला ठाऊक होतं.”

“तुला पता था?”

“हो.”

तिनं मला मारलं. दोन्ही मुठींनी, छातीवर, तोंडावर, जिथे लागेल तिथे. मग ती इतकी रडली की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले. काकू रडू लागल्या. अण्णा बाहेरच्या खोलीतून आले आणि दारात थांबले.

“काय सांगितलंस तिला?”

“खरं ते.”

“एवढ्याशा पोरीला? तुला अक्कल आहे का? झोपेच्या वेळी?”

अण्णांना मी त्यापूर्वी कधी उलटून बोलले नव्हते. त्या वेळी माझ्या मांडीवर ती उलटीपालटी होत होती, तिचं शेंबडं तोंड माझ्या पदराला पुसलं जात होतं, आणि मी मान वर करून म्हटलं, “अण्णा, मला तुम्ही किती दिवस उद्या सांगत होता, आठवतं का? मी मोजले होते. मला तेव्हा शंभरापर्यंतच येत होतं, म्हणून पुढचे मोजता आले नाहीत.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी काकूंना दुखवलं, हे मला कळत होतं. त्यांनी मला वाढवलं होतं, आणि मी त्यांच्या मायेचा हिशेब चारचौघांत मांडला होता. पण मागे घेण्यासारखं मी काही बोलले नव्हते. अण्णा वळले आणि बाहेर गेले. कुमी हुंदके देत देत कधीतरी झोपली. तिची बोटं माझ्या कानाच्या पाळीवर होती.

मुलांना खरं सांगितलं की ती शहाण्यासारखी वागतात, असं मी कधीच म्हणणार नाही. कुमी पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. अंथरूण तिनं एकदा ओलं केलं. पण ती जिन्यावर जाऊन बसायची थांबली, आणि जेवायला लागली. वाट पाहायची नाही हे कळल्यावर तिची संध्याकाळ तिला परत मिळाली, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकते.

मला गोष्टी सांगता येत नसत. राजा-राणी सुरू केलं की मधेच मला जांभई यायची. म्हणून मी तिला रेल्वे सांगू लागले. आई कुठे आहे, असं तिनं विचारलं की मी इथून सुरुवात करायची. ग्वाल्हेर, मग आंतरी, डबरा, दतिया, झांशी. झांशीला इंजिन पाणी पितं. मग बबिना, ललितपूर, बीना. मग भेलसा, ज्याला आता विदिशा म्हणायचं होतं, मग सांची, मग भोपाळ. ती पाठ करायला लागली. कधी ललितपूरला झोपायची, कधी बीनाला. एकदा भोपाळपर्यंत जागी राहिली आणि म्हणाली, “आत्तू, आ गया. आता उतरायचं?” मी म्हटलं, “आता झोपायचं.” तिला ते पटलं.

वहिनीचं कार्ड दर आठवड्याला यायचं. त्यातलं जे असेल ते वाचून दाखवायचं, असा मी नियम केला. अजून घर नाही असं लिहिलेलं असेल तर अजून घर नाही. एकदा कॉलेजातून यायला मला उशीर झाला, आणि जिना चढताना अण्णांचा आवाज ऐकू आला. ते कुमीला कार्ड वाचून दाखवत होते. “खोलीचं छत गळतं. यांना खोकला आहे. कुमीची फार आठवण येते, पण इतक्यात येणं होणार नाही.” अण्णांनी शेवटचं वाक्य वाचलं, चष्मा काढला, आणि पुन्हा लावून तेच वाक्य परत वाचलं. एक शब्दही त्यांनी बदलला नाही. मी जिन्यातच थांबले. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नव्हती. अण्णांनी हे केलं.

संक्रांतीला दादा आणि वहिनी तीन दिवस आले. ते तीन दिवस कुमी वहिनीच्या पाठीला चिकटून हिंडली. मी रात्री एकटी झोपायची आणि माझ्या पोटऱ्या मला विनाकारण गरम वाटायच्या. तिसऱ्या दिवशी जेवताना दादा हळूच म्हणाला, “सकाळची गाडी आहे. ती झोपेत असतानाच निघू.”

“नाही,” मी म्हटलं.

“काय नाही?”

“तिला सांगूनच जायचं. मी आजच सांगणार आहे. आणि ती स्टेशनवर येईल.”

“मालू, तमाशा होईल. तू तिची आई नाहीस.”

“नाही. पण तुम्ही गेल्यावर तिला झोपवायचं मला आहे. मी तिच्या तोंडाकडे बघून खोटं बोलणार नाही. तुला बोलायचं असेल तर तू इथे राहून बोल.”

दादानं अण्णांकडे पाहिलं. अण्णा ताटाकडे बघत म्हणाले, “तिला सांगू दे.”

मी सांगितलं. कुमीनं विचारलं, “आणि मी?” मी म्हटलं, “तुला अजून नाही. घर मिळालं की.” ती भिंतीकडे वळली. सकाळी मी उठले तेव्हा ती अंथरुणात बसलेली होती. स्वेटर तिनं स्वतःच उलटा घातला होता.

स्टेशनवर धुकं इतकं होतं की इंजिन अगदी जवळ आल्यावर दिसलं. दादा रागानं सामान चढवत होता. सगळेजण कुमीच्या रडण्याची वाट पाहत होते, मीसुद्धा. ती वहिनीचा पदर धरून उभी होती. शिट्टी झाली. कुमीनं पदर सोडला. कुणी सांगितलं नाही, कुणी हात सोडवला नाही, तिनं आपणहून सोडला आणि दोन पावलं मागे येऊन माझ्याजवळ उभी राहिली.

कुमी रडली असती तर वहिनी गेली असती. त्यासाठी तिनं मन घट्ट करून ठेवलं होतं. पदर असा सुटल्यावर मात्र ती डब्याच्या दारात उभी राहून नुसती बघत राहिली. डबा हलला, आणि ती वाकून म्हणाली, “वन्सं, द्या तिला.”

दादा आतून ओरडला, “अगं, काय करतेस?”

“द्या म्हणते ना.”

मी कुमीला उचललं, चार पावलं गाडीबरोबर धावले, आणि दिली. वहिनीनं तिला दोन्ही हातांनी आत ओढलं. तिच्या पायातली एक चप्पल फलाटावर पडली. तिनं मागे वळून पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. धुक्यात डबा दिसेनासा झाला होता.

अण्णा आणि मी टांग्यातून परत आलो. त्यांनी आपली शाल माझ्या गुडघ्यांवर टाकली. दारात काकूंनी विचारलं, “पोर कुठे आहे?” मी म्हटलं, “आईकडे.” मग मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि दुपारपर्यंत उघडलं नाही. मला वाटलं होतं, आपण जिंकलो की बरं वाटेल. मी तिला खरं सांगत गेले, ते तिनं माझ्याजवळ सुखानं राहावं म्हणूनच ना? या प्रश्नाचं उत्तर मी इतकी वर्षं टाळलेलं आहे. आज लिहिते. हो, थोडं म्हणूनच. तिच्या झोपेची मला चटक लागली होती, आणि मीच तिला गाडीत चढवून दिलं.

भोपाळला कुमीला महिनाभर खोकला झाला. गळकं छत, गारठा, पडद्यापलीकडचे चार लोक. दादानं पत्रात लिहिलं की हे सगळं मालूच्या हट्टामुळे. पुढे नातेवाइकांतही तेच बोललं गेलं. मी कधी नाकारलं नाही. खोकला माझ्यामुळे झाला असेल. पण त्या खोकल्यात ती आईच्या कुशीत होती, आणि आई कुठे आहे हे तिला माहीत होतं.

मी ग्वाल्हेर सोडलं नाही. इथल्याच मुलींच्या शाळेत शिकवलं. अण्णा गेले, काकू गेल्या. गल्लीत आता मराठी ऐकायचं तर मलाच मोठ्यानं बोलावं लागतं. कुमी सुट्टीत यायची, उंच झाली, दोन वेण्या जाऊन एक आली.

ती इंदूरला होस्टेलवर राहून शेवटच्या वर्षाची परीक्षा देत होती, तेव्हा वहिनीला भोपाळच्या इस्पितळात ठेवलं. दादाचं पत्र मला आलं. डॉक्टरांनी फारशी आशा दिलेली नव्हती. खाली लिहिलं होतं, ‘कुमीला कळवू नये. तिचे पेपर चालू आहेत. झाल्यावर सांगू.’

पत्र मी दोनदा वाचलं. शाळेत रजेचा अर्ज दिला आणि इंदूरची बस धरली.

या गोष्टीवरून दादा दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. कुमीचे दोन पेपर बुडाले, वर्ष गेलं, आणि एका मुलीचं वर्ष वाया घालवणारी आत्या म्हणून मी आणखी एकदा प्रसिद्ध झाले. वहिनी त्यानंतर अकरा दिवस होती. त्यातले सात दिवस ती शुद्धीवर होती, आणि कुमी तिच्या उशाशी बसून होती. काय बोलल्या, मी विचारलं नाही.

मी इंदूरला पोहोचले तेव्हा दुपारची वेळ होती. होस्टेलच्या बाईंनी कुमीला खाली बोलावलं. ती पुस्तकात बोट घालूनच आली. मला बघून तिनं नमस्कार केला नाही, हसली नाही. “आई?” एवढंच तिनं विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. दादानं काय लिहिलंय तेही सांगितलं, आणि भोपाळला गेलीस तर पेपर जातील हेही सांगितलं. ती खिडकीतून बाहेर पाहत ऐकत होती. माझं बोलून झालं तेव्हा तिनं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “आत्तू, बस किती वाजता आहे?”